दूर राहून शिकण्याचा एक दिवस

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळूर शहराच्या पूर्व भागावर मुसळधार पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत शहरात १३१.६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उजाडलेला दिवस सोमवारचा होता आणि तो शिक्षक दिनही होता. महादेवपुरा विभागातील बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता इत्यादी ठिकाणी रस्त्यांचे ओढे झाले होते. काही वसाहतींतील रहिवाशांना होड्यांतून व ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. संगणक क्षेत्रातील कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. पुष्कळ शाळांनी सुटी जाहीर केली, तर काहींनी त्या दिवसांचे वर्ग घरच्या पडद्यावर घेण्याचे ठरवले.

हा बदल करण्यास शाळांना फारसा वेळ लागला नाही, कारण महामारीच्या दीर्घ टाळेबंदीने त्यांना ही रीत आधीच शिकवली होती. परंतु शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवणे आणि घरी राहिलेल्या मुलाचा दिवस शिक्षणाने भरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट यंत्राने साधते. दुसरीसाठी विचार करावा लागतो, आणि तो शाळा उघडी असतानाच करून ठेवावा लागतो. प्रस्तुत प्रकरणात उच्च प्राथमिक स्तरावरील, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी अशा एका दिवसाची आखणी कशी करता येईल, हे महादेवपुरा परिसराच्या आधारे पाहावयाचे आहे. अकरा ते चौदा या वयाची मुले मोठ्यांच्या सतत देखरेखीवाचून काही वेळ काम करू शकतात. त्यांना मोजता येते, नोंद ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे आपण काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला पटवून देण्याची हौस त्यांना असते. दूर राहून शिकण्याच्या दृष्टीने हे वय अनुकूल आहे. ते शाळेपासून कायमचे तुटण्याचेही वय आहे, हे मात्र विसरता येत नाही.

परिसर आणि मुले

महादेवपुरा हे एकेकाळी बंगळूरच्या वेशीबाहेरचे गाव होते. पुढे त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली आणि २००७ मध्ये आजूबाजूच्या इतर नगरपालिकांबरोबर ती बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन करण्यात आली. व्हाइटफील्ड आणि बाह्य वर्तुळमार्ग यांच्या परिसरात संगणक उद्योगाची मोठमोठी संकुले उभी राहिली, तसे देशाच्या सर्व प्रांतांतून लोक येथे येऊन राहू लागले. त्यांत पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा गावांहून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. उंच इमारतींतील सदनिकांत अभियंत्यांची मुले राहतात, आणि त्या इमारती बांधणाऱ्या मजुरांची मुले जवळच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पाऊस दोघांच्या दारी सारखाच पडतो. शाळा बंद झाल्यावर पहिल्या मुलाच्या हाती स्वतःचा संगणक असतो. दुसऱ्याच्या घरी एकच मोबाइल असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

पडद्याचा वाटा

दूर अंतरावरून शाळेतील मुलांना शिकवण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही, आणि कर्नाटकात तर मुळीच नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या कृत्रिम उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. कर्नाटकातील खेडी विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील होती. त्यांपैकी विजापूर आणि गुलबर्गा हे महाराष्ट्राला लागून आहेत. सकाळचा प्रयोग शाळकरी मुलांसाठी असे आणि प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. या आकड्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. इतक्या मोठ्या यंत्रणेनेही मुलाच्या दिवसातला अर्धा तासदेखील मागितला नव्हता. उरलेला सारा दिवस गुरुजींचा आणि मुलांचा होता.

पंचेचाळीस वर्षांनी प्रमाण उलटे झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि काही शाळांनी लहान मुलांनाही पाच-पाच तास पडद्यासमोर बसवले. पालकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कर्नाटक शासनाने जून २०२० मध्ये लहान इयत्तांच्या ऑनलाइन वर्गांना बंदी केली. ती प्रथम पाचवीपर्यंत होती. सातवीपर्यंत वाढवण्याची चर्चाही झाली. त्याविरुद्ध काही पालक व शाळा उच्च न्यायालयात गेल्या, आणि ८ जुलै २०२० रोजी तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने शासनाच्या आदेशांना स्थगिती दिली. शिक्षणाच्या मूलभूत हक्कावर या आदेशांनी प्रथमदर्शनी अतिक्रमण होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. कोवळ्या वयाच्या मुलाला दिवसभर पडद्याला जखडणे अपायकारक आहे, हे शासनाचे म्हणणे बरोबर होते. परंतु ज्यांना शिकता येत होते त्यांचे शिकणे थांबवून, ज्यांना शिकता येत नव्हते त्यांच्या पदरात काहीच पडत नव्हते. त्याच जुलै महिन्यात केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच पाठ घ्यावेत, असे ठरले. म्हणजे जास्तीत जास्त दीड तास. शाळेचा दिवस पाच-सहा तासांचा धरला, तर चार तास उरतात. ते कशाने भरावयाचे, हाच खरा प्रश्न होय.

महाराष्ट्रात त्या वर्षी या प्रश्नाची काही चांगली उत्तरे मिळाली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवण्यात आली. पडद्यावर जे पाहिले ते घरात, अंगणात, घरच्या माणसांबरोबर करून पाहावयाचे, हे तिचे सूत्र होते. पुढील आखणीही त्याच सूत्राने केली आहे. तिच्यातील प्रत्येक उपक्रम मोबाइल नसलेल्या मुलालाही करता आला पाहिजे, अशी अट आधीच घालून घेतली आहे. ही अट दयेपोटी घातलेली नाही. साधनांवाचून करता येणारा उपक्रम बहुधा डोक्याला अधिक काम देतो, असा अनुभव आहे.

सकाळचे काम

दिवसाचा आरंभ साडेआठ वाजता पर्जन्यमापकाने करावा. हवामान खात्याची पावसाची नोंदही याच वेळी होते, त्यामुळे मुलाची नोंद त्या दिवशीच्या अधिकृत आकड्याशी ताडून पाहता येते. पर्जन्यमापक म्हणजे सरळ उभ्या बाजूंचे आणि सपाट बुडाचे कोणतेही भांडे. जॅमची रिकामी बाटली घेऊ नये, कारण तिचा गळा निमुळता असतो. आदल्या सकाळी ते उघड्यावर, भिंती व झाडे यांपासून दूर ठेवलेले असावे. पट्टीने पाण्याची उंची मोजावी आणि वहीत तारीख, वेळ व मिलिमीटर लिहावेत. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहावे. नोंद चुकवू नये.

यापुढे गणित सुरू होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती जमेल? घनफळाचे सूत्र येणारा सातवीचा विद्यार्थी हे स्वतः काढू शकतो: एक लिटर. मग १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १३१.६ मिलिमीटर पावसात १३,१६० लिटर पाणी पडते. आता या आकड्याला महादेवपुऱ्यातील अर्थ द्यावा. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याची तीव्र टंचाई झाली आणि ज्या भागात दीड वर्षापूर्वी होड्या फिरल्या होत्या, त्याच भागातील अनेक वसाहती टँकरच्या पाण्यावर जगू लागल्या. मोठ्या टँकरमध्ये १२,००० लिटर पाणी मावते. त्या एका रात्री एका मध्यम गच्चीवर टँकरभराहून अधिक पाणी पडले आणि गटारातून वाहून गेले, हे मुलाने स्वतःच्या वहीत स्वतः काढलेले असले म्हणजे जलसंधारणावर निराळा निबंध लिहवून घेण्याचे कारण उरत नाही. आपल्या घराच्या छपराचे माप पावलांनी मोजून हेच उदाहरण पुन्हा करावे. पत्र्याच्या खोलीचे छप्पर लहान असेल, पण गणित तेच राहते.

साडेनऊच्या सुमारास पडद्यावरचा पहिला पाठ घ्यावा. त्यात शिक्षकाने व्याख्यान देऊ नये. मुलांनी आपापले आकडे सांगावेत आणि ते फळ्यावर मांडावेत. एकाच विभागातल्या दोन वस्त्यांत पावसाचे आकडे वेगळे आले, तर त्यांपैकी चूक कोणाची आणि फरक खरा किती, यावर चर्चा व्हावी. ज्यांच्याकडे साधा मोबाइल आहे त्यांनी आकडा फोनवरून कळवावा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्ये उच्च प्राथमिक वर्गांसाठी जी पर्यायी दिनदर्शिका काढली, तिच्यातही इंटरनेट नसेल तेथे साध्या फोनचा व लघुसंदेशाचा उपयोग सुचवला होता.

मध्यान्हीची सावली

आकाश निरभ्र असेल त्या दिवशी दुपारचा उपक्रम सर्वांत मनोरंजक ठरतो, कारण तो एका वर्गात बसून करताच येत नाही. त्यासाठी मुले दूर असावी लागतात. महादेवपुऱ्यात राहणाऱ्या मुलाचे मामा, आत्या किंवा चुलत भावंडे पुण्यात असतील, तर त्यांच्याशी आधी ठरवून घ्यावे. दोन्ही गावी सपाट जागेत एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. बाराच्या ठोक्यापासून पाऊण तासापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी.

येथे पहिले आश्चर्य वाट पाहत असते. आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे, आणि बंगळूर त्याच्या जवळजवळ पाच अंश पश्चिमेस आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील मध्यान्ह सरासरी वीस मिनिटे उशिरा होते. पुणे आणखी पश्चिमेस असल्यामुळे तेथे ती त्याहूनही सुमारे पंधरा मिनिटांनी होते. (वर्षातील निरनिराळ्या दिवशी या वेळा काही मिनिटांनी पुढेमागे होतात, परंतु दोन गावांमधील अंतर तेवढेच राहते.) फोनवर बोलत असलेल्या दोन भावंडांपैकी एकाची मध्यान्ह होऊन गेलेली आहे आणि दुसऱ्याची अजून व्हावयाची आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील रेखावृत्तांच्या आकृतीपेक्षा अधिक काळ लक्षात राहते.

दुसरे आश्चर्य मोठे आहे. २१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबर या विषुवदिनांच्या सुमारास मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली बंगळुरात सुमारे २३ सेंटिमीटर आणि पुण्यात सुमारे ३३.५ सेंटिमीटर भरते. काठी व सावली यांचा काटकोन त्रिकोण दहाव्या हिश्शाने कागदावर काढावा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजावा. तो बंगळुरात १३ अंश व पुण्यात साडेअठरा अंशांच्या जवळ येईल. दोहोंमधील फरक साडेपाच अंश. आता नकाशावरून या दोन गावांमधील केवळ दक्षिणोत्तर अंतर काढावे. ते सुमारे ६१५ किलोमीटर आहे. रस्त्याचे किंवा सरळ रेषेतील अंतर येथे चालणार नाही, आणि ते का चालणार नाही हे मुलांनीच शोधावे. साडेपाच अंशांना ६१५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक सोडवले की उत्तर चाळीस हजार किलोमीटरांहून थोडे अधिक येते. पृथ्वीचा दक्षिणोत्तर परीघ साधारण तेवढाच आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने हीच युक्ती वापरली होती. त्याच्याकडे मोबाइल नव्हता, आणि दुसऱ्या गावची सावली त्याला ऐकीव माहितीवरून घ्यावी लागली होती.

कोन मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली तर परीघ साडेतीन-चार हजार किलोमीटरांनी चुकतो. बहुतेक मुलांचे उत्तर म्हणूनच चुकेल, आणि ते तसेच वहीत राहू द्यावे. खाडाखोड करून पुस्तकातील आकडा लिहिणाऱ्या मुलापेक्षा ३७,००० लिहून त्याचे कारण सांगणारा मुलगा अधिक शिकलेला असतो. सावध राहण्याची गोष्ट एकच: एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंगळुरात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेस पडते. त्या काळात या हिशेबात गोंधळ होईल.

दुपार

दुपारच्या जेवणाचा विषय शिक्षणाच्या पुस्तकात सहसा येत नाही, परंतु घरच्या शाळेचा विचार करताना तो टाळता येत नाही. कर्नाटकातील सरकारी शाळांत 'अक्षर दासोह' योजनेखाली मुलांना दुपारचे जेवण मिळते. शाळा बंद म्हणजे तेही बंद. २०२० मध्ये त्याऐवजी शिधा देण्याची व्यवस्था करावी लागली. पुरासारख्या एका-दोन दिवसांच्या बंदीत तेवढीही सोय होत नाही, आणि उपाशी मुलाकडून सावलीची मापे घेण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. म्हणून शाळा दुपारपर्यंत बंद असली तरी स्वयंपाकघर चालू ठेवता येईल का, हे मुख्याध्यापकांनी अशा दिवसाची आखणी करतानाच पाहून ठेवावे.

जेवणानंतरचे काम हलके असावे. महादेवपुऱ्यातील एखाद्या वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी, बंगाली, ओडिया, मराठी अशा कितीतरी मातृभाषा एकत्र येतात. शाळेत त्या बहुधा दाराबाहेर ठेवल्या जातात. घरच्या दिवशी त्यांना आत घेता येते. पाण्याच्या साठ्याला घरात काय म्हणतात, एवढाच प्रश्न आजीला किंवा आईला विचारून यावा. कन्नडमध्ये केरे, तेलुगूत चेरुवू, तमिळमध्ये एरी, बंगालीत पुकुर, मराठीत तळे. मग त्यांतील मोठे कोणते, शेतीसाठी बांधलेले कोणते, घरामागचे लहानसे कोणते, हे फरक निघू लागतात. मराठी आणि कन्नड मुलांनी अक्का व अण्णा हे शब्द समान म्हणून लिहावेत, आणि 'ताई' या शब्दापाशी थांबावे: मराठीत ती थोरली बहीण आहे, तर कन्नडमधील 'तायी' म्हणजे आई.

पाऊस थांबलेला असेल आणि रस्ता सुरक्षित असेल, तर त्यानंतर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पाण्याचा नकाशा काढावा. पूर ओसरला नसेल तर हा उपक्रम पुढे ढकलावा. उघडी गटारे आणि पडलेल्या विजेच्या तारा यांपुढे भूगोलाला महत्त्व नाही. आपल्या दारातले पाणी कोणत्या बाजूला वाहते, कोणत्या नाल्याला मिळते, तो नाला कोठे जातो, एवढे बाणांनी दाखवावे. बंगळूर उंच पठारावर वसले आहे. त्याच्या जवळून मोठी नदी वाहत नाही. जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली आणि 'राजकालुवे' म्हणजे मोठे नाले काढून ती जोडली. वरचे तळे भरले की जादा पाणी खालच्यात जाई. बेळ्ळंदूर तलावाचे पाणी असेच वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. ती नदी पुढे तामिळनाडूतून बंगालच्या उपसागराला मिळते. ज्या ठिकाणी नाल्यांवर बांधकामे झाली, त्यांची रुंदी आक्रसली, तेथे पाण्याने जुनी वाट सोडून घरांतून वाट काढली. मुलाने काढलेल्या नकाशात एखादा बाण भिंतीशी येऊन थांबला, तर त्याला २०२२ च्या पुराचे कारण सापडले असे समजावे.

चार वाजता दुसरा आणि शेवटचा पाठ. यात मुलांनी एकमेकांना विचारावे आणि शिक्षकाने शक्य तो ऐकावे. दिवसभर एकट्याने काम केलेल्या मुलाला या वेळी बोलावयाचे असते.

तिसरी यादी

ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' नावाची योजना सुरू केली. शिक्षकांनी मुलांच्या तीन याद्या केल्या: स्मार्टफोन व इंटरनेट असलेली मुले, साधा मोबाइल असलेली मुले, आणि काहीच नसलेली मुले. मग शिक्षक स्वतः वस्तीत गेले आणि देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात, झाडाखाली लहान लहान गटांना शिकवू लागले. संसर्गाच्या बातम्या आल्यावर ऑक्टोबरमध्ये ही योजना थांबवावी लागली, आणि १ जानेवारी २०२१ पासून ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेच्या आवारात पुन्हा सुरू झाली. बंगळूर शहरातील सहावी-सातवीच्या मुलांना नेहमीच्या वर्गांसाठी राज्यातील इतर मुलांपेक्षाही अधिक थांबावे लागले. ६ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे वर्ग पुन्हा भरले. जवळजवळ दीड वर्ष. या वयाच्या मुलाला तेवढ्या काळात बांधकामावर विटा वाहण्याचे काम सहज मिळते, आणि मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे.

पुराचा एक दिवस म्हणजे दीड वर्ष नव्हे. तरीही याद्या करण्याची ती पद्धत एका दिवसासाठीही उपयोगी आहे. प्रत्येक वर्गशिक्षकाजवळ जून महिन्यातच या तीन याद्या तयार असाव्यात आणि तिसऱ्या यादीतील मुलांना उपक्रमांचा छापील कागद, एक पट्टी, एक कोनमापक आणि खडूचे दोन तुकडे पावसाळ्यापूर्वीच घरी दिलेले असावेत. संध्याकाळी सहानंतर, कामावर गेलेला मोबाइल घरी परतल्यावर, शिक्षकाने पहिला फोन याच यादीतील घरांना करावा. जेथे फोन नाही तेथे शेजारच्या मुलाने निरोप न्यावा; त्याचे नाव यादीत समोरच लिहिलेले असावे. विचारावयाचे प्रश्न दोनच. सकाळी साडेआठला भांड्यात किती पाणी होते, आणि उद्या शाळा उघडली तर येणार ना? ज्या घरातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच येत नाही, त्या नावापुढे खूण करावी, आणि शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते नाव सर्वांत आधी पुकारावे.